पूअर फार्म व जर्मन स्थलांतरित कारभारी कुटुंबे

पूअर फार्म : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निराधार, वृद्ध, अपंग व मनोरुग्ण माणसांना काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) खर्चाने ठेवण्यासाठी चालवलेली, शेतजमिनीसह असलेली निवासी संस्था. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती ग्रामीण भागात सर्वत्र आढळे. पूअरहाउस, आल्म्सहाउस, काउंटी होम ही तिचीच नावे. ओहायओत १८५० पासून ‘काउंटी इन्फर्मरी’ हे नाव रूढ झाले. मध्यपश्चिमेतील विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय या राज्यांत जर्मन स्थलांतरितांची वस्ती दाट होती. तेथे या संस्थांचा कारभार अनेकदा जर्मन शेतकरी कुटुंबांकडे असे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या कुटुंबांच्या अंगाने संस्थेचा विचार केला आहे.

मराठीत या संस्थेला नेमका प्रतिशब्द नाही. अन्नछत्र, धर्मशाळा व अनाथाश्रम यांत धर्मादायाची कल्पना आहे. पूअर फार्म कराच्या पैशावर चालणारे सरकारी खाते होते. मुंबई इलाख्यात दुष्काळी कायद्यांन्वये ‘पूअर हाउस’ उघडली जात. पण ती दुष्काळापुरती तात्पुरती असत आणि त्यांना शेती जोडलेली नसे.

उगम : कायद्याचे मूळ इंग्लंडमधील १६०१ च्या दरिद्री कायद्यात आहे, याबद्दल दुमत नाही. गावाने आपल्या गरिबाला पोसावे आणि त्यासाठी कर बसवावा, हे तत्त्व वसाहतींनी जसेच्या तसे उचलले. गरिबाला त्याच्या घरीच धान्य-सरपण देणे, एखाद्या शेतकऱ्याशी ठोक करार करणे किंवा त्याचा लिलाव करणे, हे मार्ग पूअर फार्म येण्यापूर्वी चालू होते. हा लिलाव उलटा असे : जो सर्वांत कमी रक्कम मागेल त्याच्या पदरी तो म्हातारा किंवा ती विधवा वर्षभरासाठी पडे. बोली जितकी खाली, तितके ताट रिकामे.

मतभेद आहे तो शेतीच्या जोडणीबद्दल. रूढ मांडणीनुसार मॅसॅचूसेट्समधील जोसाया क्विन्सी यांचा १८२१ चा अहवाल आणि न्यूयॉर्कमधील जॉन येट्स यांचा १८२४ चा अहवाल येथून ही संस्था सुरू होते. गरिबांना एका घरात ठेवून शेतीकामाला लावणे सर्वांत स्वस्त व हितकर, असा दोन्ही अहवालांचा सूर होता आणि १८२४ मध्येच न्यूयॉर्कने काउंटी पूअरहाउसचा कायदा केला. मात्र ओहायओने काउंटींना अशी घरे बांधण्याची मुभा १८१६ मध्येच दिली होती. त्याहीपूर्वी, १७९८ मध्ये, पेनसिल्व्हेनियाने लँकेस्टर व चेस्टर या काउंटींसाठी कायदा केला होता. यांपैकी लँकेस्टर जर्मनभाषकांचा बालेकिल्ला. शेजारच्या, तितक्याच जर्मन असलेल्या बर्क्स काउंटीने १८२४ च्या सुमारास अँजेलिका नावाचे जुने शेत गरिबांसाठी विकत घेतले.

यावरून ही कल्पनाच जर्मन असावी, असा तर्क पुढे येतो. त्याला जोड म्हणून युरोपातील ‘गरीब-वसाहती’ दाखवल्या जातात. योहानेस व्हान डेन बॉश यांनी १८१८ मध्ये नेदर्लंड्समध्ये फ्रेडरिक्सोर्ड स्थापन केले आणि त्याच्या धर्तीवर १८२१ मध्ये आजच्या उत्तर जर्मनीतील होल्स्टाइनमध्ये फ्रीड्रिक्सगाबे ही वसाहत उभी राहिली. होल्स्टाइनचे लोक पुढे आयोवातील डॅव्हनपोर्टच्या आसपास मोठ्या संख्येने स्थायिक झाले, त्यामुळे हा दुवा मोहक वाटतो. पण कालक्रम त्याला साथ देत नाही. ओहायओचा कायदा या दोन्ही वसाहतींच्या आधीचा आहे आणि होल्स्टाइनकर आयोवात आले ते मुख्यतः १८४७ नंतर. शिवाय त्या वसाहतींत प्रत्येक गरीब कुटुंबाला स्वतःचे घर व जमिनीचा तुकडा मिळे. पूअर फार्ममध्ये एक घर, एक चूल आणि एक कारभारी असे. तेव्हा चौकट इंग्रजी-अमेरिकी आणि ती चालवणारे हात पुष्कळदा जर्मन, एवढेच म्हणणे सुरक्षित.

आल्टेनटाइल : जर्मन शेतकऱ्यांनी सोबत आणलेली खरी वस्तू म्हणजे म्हातारपणाचा करार. उत्तर जर्मनीत त्याला आल्टेनटाइल, दक्षिणेत लाइबगेडिंग म्हणत. बाप शेत मुलाच्या नावे करी आणि त्याबदली काय मिळायचे ते कलमवार लिहून घेई : कोणती खोली, किती धान्य, बटाट्याच्या किती ओळी, एका गाईची वैरण, फोडून रचलेले सरपण, चर्चला जायला घोडागाडी. विस्कॉन्सिनमधील जर्मन वस्त्यांत असे करार अमेरिकी गहाणखताच्या किंवा ‘पोषणाच्या बंधपत्रा’च्या रूपात काउंटीच्या दफ्तरी नोंदले गेले. मुलाने कलम मोडले तर जमिनीवर दावा लागे. प्रेमावर विसंबून न राहता सरपणाचे मापसुद्धा कागदावर आणणारी ही रीत बाहेरच्यांना कोरडी वाटे; पण भांडण सुनेशी होते तेव्हा कागदच उपयोगी पडतो. या करारामुळे जमीनदार जर्मन म्हातारे पूअर फार्मपर्यंत क्वचित पोहोचत, असे मानले जाते. तेथे येणारा जर्मन बहुधा अविवाहित मजूर असे, ज्याच्याकडे लिहून देण्याजोगी जमीन कधीच नव्हती.

जमीन व इमारती : सरकारी मोजणीतील चौथाई विभाग, म्हणजे १६० एकर (सु. ६५ हेक्टर, अर्धा मैल लांब व तितकाच रुंद) हे नेहमीचे माप. आयोवातील जॉन्सन काउंटीने १८५५ मध्ये आयोवा सिटीजवळ सुरू केलेले पूअर फार्म याच मापाचे होते. मिलवॉकी काउंटीने १८५२ मध्ये वॉवाटोसा येथे जमीन घेतली. १९२० च्या दशकात संघीय कामगार सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या पाहणीत देशभर २,१८३ आल्म्सहाउस, सु. ८६,००० रहिवासी आणि सु. ३,४५,००० एकर जमीन आढळली. म्हणजे सरासरी दर संस्थेस १५८ एकर. जुने माप शंभर वर्षे टिकले होते.

घराच्या मध्यभागी कारभाऱ्याचे कुटुंब राही. एका बाजूस पुरुषांच्या, दुसऱ्या बाजूस बायकांच्या खोल्यांची ओळ असे. मागे धुण्याची खोली, धुरी देण्याची खोली, तळघर, गोठा, डुकरांचे घर आणि कुंपणालगत दफनभूमी. दोन चुका वारंवार होत. विहीर सोयीसाठी घराजवळ घेत आणि शौचकूपही तेथेच असे. उतार विहिरीकडे असला की विषमज्वर आलाच. दुसरी, लाकडी इमारतीत खोलीगणिक शेगडी. रात्री उठून लाकूड टाकणारा भ्रमिष्ट रहिवासी एक जरी असला तरी आगीचा धोका कायमचा. त्यामुळे पुढे तळघरात एकच भट्टी आणि वर वाफेचे नळ ही रचना आली.

कारभारी जोडपे : नेमणूक काउंटीचे मंडळ करी, बहुधा वर्षाच्या कराराने. पुरुष अधीक्षक, बायको मेट्रन, म्हणजे घरकाम व रहिवाशांची देखभाल पाहणारी. पगार पुष्कळदा दोघांचा मिळून एकच ठरे आणि सही नवऱ्याची असे. मंडळाला माणूस हवा असे तो मिश्र शेती जाणणारा : मका, ओट, गवत, दुभती जनावरे, डुकरे, भाजीपाला. पोमेरानिया किंवा होल्स्टाइनहून आलेल्या कुटुंबाला हे अंगवळणी पडलेले असे. शिवाय त्यांच्या बायका-मुली गोठ्यात व शेतात उतरत, जे न्यू इंग्लंडकडून (ईशान्य अमेरिकेतून) आलेल्या शेजारच्या कुटुंबांत कमी दिसे. रहिवाशांपैकी काहींना फक्त प्लाटडॉइच (उत्तर जर्मनीची बोली) येई, हाही मुद्दा होताच. मरणाच्या वेळी माणूस बालपणीच्या भाषेत पाणी मागतो; ते समजणारे कोणी घरात असणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रवेश : अर्ज टाउनशिपच्या (काउंटीच्या पोटविभागाच्या) ट्रस्टीकडे किंवा गरिबांच्या देखरेख्याकडे जाई. तो ‘कायदेशीर वास्तव्य’ पाही. विस्कॉन्सिन व आयोवा येथे साधारण वर्षभराचे वास्तव्य लागे. आयोवात नवागताला ‘निघून जा’ अशी लेखी नोटीस बजावली की त्याचा हक्क तयारच होत नसे. चिठ्ठी घेऊन आलेल्याचे नाव, वय, जन्मदेश, कारण आणि तारीख वहीत लिहीत. कारणाच्या रकान्यात ‘म्हातारपण’, ‘लंगडा’, ‘वेड’ एवढेच शब्द असत. मग आंघोळ, केस कापणे आणि कपडे उकळणे. ही पायरी घाईत वगळली की आठवड्याभरात उवा सगळ्या ओळीत पसरत. ढेकणांसाठी लाकडी पलंग काढून लोखंडी आणणे हाच टिकाऊ उपाय ठरला.

शेती व ऋतू : गरिबांच्या श्रमातून संस्था स्वतःचा खर्च भागवील, या कागदावरच्या कल्पनेला ऋतुचक्रच आडवे येई. धडधाकट पुरुष डिसेंबरात थंडी वाढली की येत आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर मजुरी निघाली की जात. म्हणजे खाणारी तोंडे हिवाळ्यात वाढत आणि पेरणी-कापणीला हात नसत. उरलेल्यांत वृद्ध, आजारी, अंध, बाळंतीण. त्यांच्याकडून बटाटे सोलणे, शेंगा निवडणे, अंडी गोळा करणे, फार तर मक्याची कणसे सोलणे एवढेच होई. नांगर, गवत आणि दूध काढणे हे कारभाऱ्याचे मुलगे, मुली आणि एखाद-दोन गडी करत. इतिहासलेखनात रहिवाशांच्या सक्तीच्या श्रमावर बरीच शाई खर्ची पडली आहे. प्रत्यक्ष शेत मात्र या कुटुंबाच्या, त्यातही पगारपत्रकात नाव नसलेल्या मुलांच्या, बिनमोल कष्टांवर उभे होते, असे मानणे अधिक सयुक्तिक.

कोठी : संस्था हिवाळा काढी ती तळघरावर. बटाट्याचा हिशेब सोपा होता : डोई रोज अर्धा किलो धरला तर ३० माणसांना वर्षाला साडेपाच टन, म्हणजे सु. २०० बुशेल (धान्य-भाजी मोजण्याचे अमेरिकी माप). त्यावर बियाणे आणि नासाडी वेगळी. तळघर ४ ते ७ अंश सेल्सिअस, काळोखे आणि हवेशीर लागे. उजेड शिरला तर बटाटा हिरवा पडून कडवट होई, ऊब लागली तर जानेवारीतच कोंब फुटत.

जर्मन घरांत याच्या जोडीला आंबवलेल्या कोबीचे पिंप असे. प्रमाण वजनाच्या अडीच टक्के मीठ : सुमारे १९० लिटरच्या पिंपात १८० किलो बारीक चिरलेला कोबी आणि साडेचार किलो मीठ. थर देऊन मुसळासारख्या दांड्याने पाणी सुटेपर्यंत चेचायचे, वर फडके, लाकडी चकती आणि धुतलेला दगड. १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवड्यांत तयार. मीठ कमी पडले किंवा खोली २४ अंशांवर गेली तर कोबी लिबलिबीत होतो. मीठ सारखे न मिसळल्यास गुलाबी डाग येतात. आणि कोबी पाण्याखाली बुडालेला नसला तर वर बुरशी धरते. भाजीविना गेलेल्या चार महिन्यांत हिरड्या शाबूत ठेवण्याचे काम हे पिंप करी.

डुकरे नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा गोठणबिंदूच्या जरा वर असताना मारत. १०० किलो मांसाला ८ किलो मीठ, २ किलो साखर आणि सु. १२५ ग्रॅम सोरा चोळत. मांडीचा तुकडा दर पौंडाला दोन दिवस या हिशेबाने मिठात राही, मग धुरीत जाई. अचानक ऊब आली की मांडी हाडाजवळ आतून आंबे आणि बाहेरून कळतही नसे. मुरलेला माणूस म्हणून सांध्यात सळई खुपसून वास घेई. मांस गोठले तर मीठ आत शिरत नाही, तेवढे दिवस मुदतीत वाढवावे लागत. चरबीतून साबण होई. अंथरूण ओले करणारे रहिवासी असलेल्या घरात साबण धान्याइतकाच लागे. मेट्रनचे निम्मे आयुष्य धुण्याच्या खोलीतच जाई.

हिशेब : मंडळापुढे दरवर्षी एकच आकडा महत्त्वाचा ठरे, दर माणशी आठवड्याचा खर्च. एकूण खर्चातून विकलेल्या मालाची रक्कम वजा करून निवास-दिवसांनी भागत व सातने गुणत. वर्षभर ३० माणसे म्हणजे १०,९५० निवास-दिवस. खोट असे ती व्याख्येत. घरात खाल्लेले दूध व डुकराचे मांस बाजारभावाने धरायचे की नाही, कारभाऱ्याच्या मुलांचे जेवण कोणाच्या खाती घालायचे, नवा गोठा याच वर्षाचा खर्च का, यांवर प्रत्येक काउंटी वेगळी. त्यामुळे दोन काउंटींच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी.

मुले व मनोरुग्ण : मुलांना या घरांतून काढण्याचा कायदा न्यूयॉर्कने १८७५ मध्ये केला, मिशिगनची कोल्डवॉटर येथील राज्यशाळा १८७४ मध्ये उघडली. मनोरुग्णांची स्थिती सर्वांत वाईट होती. जॉन्सन काउंटीतील त्यांच्या लाकडी इमारतीचा एक भाग अजून उभा आहे. विस्कॉन्सिनने १८८१ पासून जुनाट रुग्णामागे आठवड्याला दीड डॉलर काउंटीला देऊ केला आणि शेतीला जोडलेली काउंटी असायलम (मनोरुग्णालये) उभी केली. तेथे जर्मन मिश्र शेतीची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. रुग्ण हिवाळ्यात निघून जात नसल्याने मजुरांचा प्रश्न तेथे सुटला, ही त्या योजनेची सोयही होती आणि तिच्यावरचा आक्षेपही.

ऱ्हास : पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेवर रोष आला. आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी २३ मे १९१८ रोजी सार्वजनिक जागी, दूरध्वनीवर आणि उपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. आल्म्सहाउसमधील गरिबांची जनगणनेतील संख्या १९१० मध्ये ८४,१९८ होती, ती १९२३ मध्ये ७८,०९० झाली. निर्णायक घाव मात्र १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा. वृद्धांना मदत मिळणार होती, पण सरकारी संस्थेत राहणाऱ्यास नाही. म्हातारे बाहेर पडून खासगी शुश्रूषागृहांत गेले. उरलेली घरे काउंटी होम झाली, जमिनी विकल्या गेल्या. जॉन्सन काउंटीने आपली जमीन राखली असून तेथे आज भाजीपाला पिकवला जातो. मिलवॉकी काउंटीच्या दफनभूमीत १८८२ ते १९२५ या काळात गरिबांना व बेवारशांना पुरले. १९९१-९२ मध्ये रुग्णालयाच्या बांधकामाआधी तेथून १,६४९ दफने बाहेर काढण्यात आली.