स्टँडवरची गर्दी: जुना व्हॉल्व्ह प्रीअँप घेताना ट्यूब बदलायच्या का?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा मेसेज आला. त्याचा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो दिवाळीत येतोय, आणि तिकडे कुणाकडे तरी साठच्या दशकातला एक व्हॉल्व्हचा प्रीअँप विकायला आहे, तर बॅगेत घालून आणू का म्हणून विचारतोय. खाली जाहिरातीचा स्क्रीनशॉट. ट्यूब (म्हणजेच व्हॉल्व्ह) ओरिजिनल आहेत पण साठ वर्षांच्या म्हणजे 'थकलेल्या', नव्या घातल्या की आवाज एकदम उघडेल, असं विकणाऱ्यानेच लिहून ठेवलेलं. मित्राचं म्हणणं, मग आत्ताच चार नव्या ट्यूब मागवून ठेवतो, एकाच फेरीत काम होईल.

मी "थांब" एवढंच लिहिलं आणि झोपलो. आता त्या 'थांब'चं कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी ओळख. प्रीअँप म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, रेडिओ वगैरेंकडून येणारा बारीक सिग्नल मोठ्या अँपला झेपेल एवढा वाढवणारा डबा. जुन्या प्रीअँपमध्ये हे काम बहुतेक वेळा १२एएक्स७ नावाची, करंगळीएवढी काचेची ट्यूब करते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग) असतात आणि प्रत्येकाचा अँप्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे तो सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा, १००. आपल्याकडे ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही जात ओळखीची असेल, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, 'बीईएल' छापलेला ईएल८४ जुन्या बाजारात अजून एखादवेळी दिसतो.

आता 'थकणं' म्हणजे नक्की काय ते बघू. ट्यूबच्या मधोमध निकेलची एक बारीक नळी असते, कॅथोड. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप आणि आत हीटरची तार. नळी तापून साधारण आठशे अंश सेल्सियसच्या आसपास गेली की लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर उडी मारायला लागतात. हा लेप हीच खरी करामत आहे, कारण टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते आणि या लेपातून दीडच्या आसपास, म्हणून बल्बसारखं पांढरंफटक तापवावं लागत नाही, निव्वळ लालसर उजेडात भागतं. (या उजेडावरून ट्यूब चांगली की वाईट ठरवणारे लोक आहेत. उजेड हीटरचा असतो. ट्यूब मेलेली असली तरी हीटर मजेत पेटतो.)

उडी मारलेले सगळे इलेक्ट्रॉन समोरच्या, धन व्होल्टेजच्या प्लेटकडे जातात असं शाळेत वाटायचं, मलाही कॉलेजपर्यंत तसंच वाटायचं. तसं होत नाही. कॅथोडभोवती त्यांचा ढग तयार होतो, त्याला स्पेस चार्ज म्हणतात. इलेक्ट्रॉन सगळे ऋण, एकमेकांना ढकलणारे, त्यामुळे नवीन बाहेर पडणाऱ्याला आधीची गर्दीच मागे रेटते. सुट्टीच्या आदल्या दिवशीचा स्वारगेट स्टँड डोळ्यापुढे आणा. फलाटावर पाचशे माणसं, गाडीत जागा पन्नास. गाडी भरून जाते ती पन्नासच घेऊन. आता घरून निघणारी माणसं कमी झाली आणि फलाटावर पाचशेऐवजी तीनशेच उरली, तर गाडीत किती जाणार? पन्नासच की! आणि ग्रिड, म्हणजे कॅथोड आणि प्लेटच्या मधली जाळी, हा दारात उभा असलेला कंडक्टर, तो किंचित हात आडवा करतो तेवढ्यावर आत जाणारी संख्या ठरते, सिग्नल म्हणजे त्या हाताची हालचाल.

उदाहरण थोडं लंगडं आहे, कारण गाडीत आसनं मोजलेली असतात, इथे तसं काही नाही. इथे गर्दी स्वतःच एक उंबरठा उभा करते. कॅथोडच्या अगदी जवळ, ढगामुळे, व्होल्टेज कॅथोडपेक्षाही थोडं खाली जातं, आणि ज्या इलेक्ट्रॉनकडे तो उंबरठा ओलांडायची ऊर्जा असेल तोच पलीकडे जातो, बाकीचे परत लेपात पडतात. आता गंमत अशी की कॅथोडमधून निघणारे इलेक्ट्रॉन कमी झाले की ढग विरळ होतो, ढग विरळ झाला की उंबरठा खाली येतो, उंबरठा खाली आला की निघालेल्यांपैकी जास्त जण पलीकडे पोचतात. म्हणजे पुरवठा घटला तरी प्लेटपर्यंतचा प्रवाह जवळजवळ होता तेवढाच. आपोआप तोल सांभाळला जातो, बाहेरून काही करावं लागत नाही! हा प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घातानुसार वाढतो असं चाइल्डने १९११ला आणि लँगम्युअरने १९१३ला दाखवलं, आणि त्या सूत्रात कॅथोडचं तापमान किंवा त्याची प्रकृती कुठे येतच नाही. येतं ते फक्त व्होल्टेज आणि ट्यूबची भूमिती. मला हे सूत्र फार आवडतं, कारण कॅथोड म्हातारा होत जातो आणि सूत्राला त्याचा पत्ताच नसतो.

याच उंबरठ्यामुळे दुसरंही एक काम होतं. इलेक्ट्रॉन काही रांगेने निघत नाहीत, कधी चार जास्त, कधी दोन कमी, आणि त्याचीच सूंऽऽ ऐकू येते, तिला शॉट नॉइज म्हणतात. एखाद्या क्षणी जास्त निघाले की उंबरठा वर जातो, कमी निघाले की खाली, त्यामुळे ही चढउतार बऱ्यापैकी दाबली जाते. म्हणजे ट्यूबचं लांब आयुष्य आणि तिची शांतता एकाच ढगातून येते.

१२एएक्स७ प्रीअँपमध्ये साधारण एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाहावर चालते. कॅथोडची ऐपत त्याच्या कित्येक पट. म्हणून ती वर्षानुवर्षं काहीही न दाखवता म्हातारी होऊ शकते, आणि ढग खरंच संपत आला की मग भराभर उतरते. खास दर्जाच्या काही ट्यूब दहा हजार तासांच्या हमीने विकल्या जायच्या. त्याहून भारी उदाहरण म्हणजे १९५६ला स्कॉटलंड ते न्यूफाउंडलंड अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिफोन केबल. तिच्यातले अँप्लिफायर व्हॉल्व्हचे होते, समुद्राच्या तळाशी, आणि केबल १९७८पर्यंत चालली. तिथे ट्यूब बदलायला कोण जाणार होतं? अर्थात त्या ट्यूब मुद्दाम तेवढ्यासाठी बनवलेल्या आणि अतिशय जपून चालवलेल्या, तुमच्या कपाटातल्या ट्यूबची तुलना थेट त्यांच्याशी नको. पण साठ वर्षं म्हणजे साठ वर्षं चालू असा अर्थ होत नाही. रविवारी दोन तास रेकॉर्ड ऐकणाऱ्याचे साठ वर्षांत सहा हजार तास होतात, करून बघा हिशोब.

बरं, समजा ट्यूब खरंच थोडी उतरली. तर ऐकू येईल का? इथे सर्किट मधे पडतं. उदाहरणाला त्या काळातला खूप खपलेला डायनॅको पॅस हा प्रीअँप घेऊ, चार १२एएक्स७ आणि पॉवरसाठी एक रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी) ट्यूब. त्याच्या दोन्ही टप्प्यांत (रेकॉर्डचा आणि त्याच्या पुढचा) निगेटिव्ह फीडबॅक आहे, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा. सोपे आकडे घेतो. ट्यूबमधले दोन ट्रायोड एकामागे एक लावून गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १०००, आणि फीडबॅक लावून आपण ते १०० वर आणलंय. आता ट्यूब म्हातारी होऊन १०००चं ८०० झालं, वीस टक्के घट. फीडबॅकनंतर १०० ऐवजी किती? साडेसत्त्याण्णव. डेसिबलमध्ये ०.२. एवढा फरक तुम्ही व्हॉल्यूमचं बटण पुसताना करता.

रेकॉर्डच्या टप्प्यात मात्र एक मेख आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, वाजवताना ते उलट करावं लागतं, आणि ते उलट करणं याच फीडबॅकमधून होतं. म्हणजे १००० हर्ट्झला १०० पट गेन पाहिजे असेल तर २० हर्ट्झला जवळपास ९००ची गरज पडते. खर्जाला शिल्लकच कमी राहते. दोन ट्रायोड मिळून तीन हजारांच्या आसपास गेन देत असतील तर तिथे जेमतेम तिपटीची सूट. म्हणूनच 'शांत वाजते' म्हणून कुणी १२एएक्स७च्या जागी १२एयू७ घाला म्हणालं तर घालू नका. पिना जुळतात, हीटर जुळतो, पण तिचा फॅक्टर विसाच्या आत, दोन टप्पे मिळून शे-दीडशे गेन, मग ९०० आणणार कुठून? खर्ज गायब, आणि वर लोक लिहिणार "किती स्वच्छ झाला आवाज". ६डीजे८ तर पिनांनीही जुळत नाही, हीटरची जोडणी वेगळी असते, ती खोचायचा विचारसुद्धा नको.

ट्यूब रोलिंगच्या, म्हणजे ट्यूब बदलबदलून आवाज बघण्याच्या, नादातल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे गोठवलेल्या ट्यूब आणि दोनशे तास 'पिकवलेल्या' ट्यूब, मला साडेसातीच्या नीलमासारख्या वाटतात. पैसे गेले म्हणजे गुण येणारच. आणि ब्रँड बघून जीव टाकणाऱ्यांनी एवढं बघावं की आज नवीन ट्यूब बनवणारे कारखाने स्लोव्हाकिया, रशिया, चीन असे मोजकेच आहेत, वेगवेगळी नावं एकाच कारखान्यातून निघतात. काही जुन्या जर्मन ट्यूबच्या बुडाला हिऱ्याची खूण असते म्हणतात, तर तो हिराही खोटा छापणारे आहेत.

मग तक्रार असेल तेव्हा काय बघायचं. ट्यूबच्या डोक्याशी आतून चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा, आत उरलेला वायू शोषायला ठेवलेला. तो पांढरा दुधासारखा झाला असेल तर काचेत हवा शिरली, ट्यूब गेली. डाग लहान-मोठा असण्याला अर्थ नाही. चालू असताना पेन्सिलने हलकं टिचकी मारा, स्पीकरमधून घंटी वाजल्यासारखं आलं तर आतले भाग सैल झालेत. आणि एका बाजूला सूं किंवा खरखर असेल तर प्रीअँप बंद करून डाव्या-उजव्या चॅनेलच्या ट्यूबची अदलाबदल करा. खरखर बाजू बदलून ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब दोषी, जागेवरच राहिली तर ट्यूब निर्दोष. थकलेली ट्यूब आधी अशी बोलायला लागते, ढग विरळ झाला की वरची ती दाबादाबी कमी पडते. 'आवाज मंद झाला' ही तक्रार बहुतेक वेळा कानाची किंवा सुईची असते.

खरा म्हातारा भाग दुसराच असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, दोन टप्प्यांमधले कपॅसिटर गळायला लागतात आणि पुढच्या ग्रिडवर नको ते व्होल्टेज टाकतात, पॅसमध्ये हीटरसाठी सेलेनियमचा रेक्टिफायर आहे, तो वयाने उतरतो. ही सगळी दुरुस्ती लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सामानात होते आणि एका चांगल्या ट्यूबच्या किमतीत. फक्त आत हात घालायच्या आधी, प्लग काढलेला असला तरी कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट बसून असू शकतात, रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरने बघा, मगच हात.

आणि अमेरिकेतून आणताय तर सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मर. तो ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल तर आपल्या २३० वर थेट लावला की धूर. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागणारच, आणि आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्याच व्होल्टला गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र वीस टक्क्यांनी वाढतं आणि तो जास्त तापतो. म्हणून ११७ ऐवजी ११० देणारा स्टेपडाउन घ्या. हीटरला सहा टक्के कमी मिळतील, ते चालतं, गर्दी तेवढी कमी होऊनही गाडी भरतेच. त्याहून फार खाली मात्र नको, गार कॅथोडचा लेप हळूहळू खराब होतो.

हे सगळं दुसऱ्या दिवशी मित्राला फोनवर सांगितलं. म्हणाला, मग भाऊ तिकडे बघायला जाईल तेव्हा व्हिडिओ कॉल करतो, तूच ऐक. ऐकलं, एकदम शांत, चिडीचूप! मग लक्षात आलं की फोन स्वतःच सगळा नॉइज गाळतोय. भावाला नुसतं रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगितलं, ते लॅपटॉपवर उघडलं तर १२० हर्ट्झला एक गुणगुण, दोन्ही बाजूंना सारखीच. तिकडच्या विजेच्या साठ हर्ट्झची दुप्पट, रेक्टिफायरनंतर उरते ती, म्हणजे पॉवरसप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. ट्यूबचा काही संबंध नाही. मित्राने ते कारण सांगून भावाला किंमत पाडायला लावली, आणि आता तो मला विचारतोय की स्टेपडाउन तिकडूनच आणू का, मी म्हटलं अरे तो इथे घ्यायचा असतो, बॅगेत लोखंड कशाला भरतोस.