जुन्या चाकावर नवे गिअर : मागच्या हबची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेच्या सायकल दुकानांत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. चाकं चांगली आहेत, फक्त गिअर नवे टाकायचेत, बसतील का? विचारणाऱ्यानं दहा-पंधरा वर्षांपूर्वी गिअरची सायकल घेतलेली असते, सात गिअरवर दंडोबाचा चढ आता नकोसा झालेला असतो, आणि मोबाइलवर नऊ, दहा, अकरा गिअरचे संच दिसत असतात. उत्तर बहुतेक वेळा मिळतं, "चाकच बदलून टाका." हे उत्तर सोपं आहे, पण पुष्कळदा ते चुकीचं असतं. रिम सरळ असेल, आरे शाबूत असतील, छर्रे आणि त्यांना धरणारे कोन गुळगुळीत फिरत असतील, तर त्या चाकात जुनं झालेलं काही नसतं. जुनी होते ती मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, उजवी बाजू, जिथं दातेरी चकत्या बसतात. गेल्या पन्नास वर्षांतली सगळी ओढाताण त्या चार बोटं जागेसाठी झालेली आहे.

आपल्या भागाचं सायकलशी नातं फार जुनं आहे. आजच्या धाटणीची, मागचं चाक चेननं फिरवणारी रोव्हर सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये १८८५ साली आणली. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आपल्या धंद्याची सुरुवात केली, तीच सायकलच्या दुकानानं. पुढं १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हिरो (१९५६) या कंपन्यांनी २८ इंची चाकांची काळी सायकल गावोगाव पोचवली. दुधाच्या कॅन, वैरणीचे भारे, हळदीची पोती असं सगळं त्या चाकांनी वाहिलं.

या काळ्या सायकलच्या मागच्या हबला उजवीकडे आटे असतात आणि त्यावर एकच चकती असलेलं फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी फिरकी, फिरवून बसवतात. व्यास साधारण १.३७ इंच, इंचाला २४ आटे, हे ब्रिटिश माप. आज बाजारात मिळणारं स्वस्त सात गिअरचं फ्रीव्हीलही याच मापाच्या आट्यांवर बसतं. फ्रेंच आणि इटालियन मापं वेगळी होती, पण टिकलं ते हे. एवढ्या लांबच्या काळात असंच न बदललेलं आणखी एक माप म्हणजे चेनच्या दोन कड्यांमधलं अर्ध्या इंचाचं अंतर. माझ्या मते जुनं चाक वाचण्याची निम्मी शक्यता या दोन मापांमुळंच शिल्लक राहिली आहे.

फ्रीव्हील काढणं मात्र हलकं काम नाही. प्रत्येक पेडलाबरोबर ते आणखी आवळत जातं, त्यामुळं कित्येक वर्षं चाललेलं फ्रीव्हील पान्याला दाद देत नाही. मग पुलर, म्हणजे फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं हत्यार, व्हाइसमध्ये पक्का धरतात, त्यावर चाक आडवं बसवतात आणि रिमला दोन्ही हातांनी धरून अख्खं चाक डावीकडं फिरवतात. कट्ट असा आवाज आला की सुटलं. पुलरच्या खाचा एकदा छिनल्या की फ्रीव्हील फोडण्याखेरीज मार्ग उरत नाही.

खरी अडचण रुंदीची. मागच्या हबच्या दोन्ही बाजूंच्या लॉकनटांमधलं, म्हणजे फ्रेमला आतून टेकणाऱ्या नटांमधलं, अंतर पाच गिअरच्या काळात १२० मिमी होतं. सहा आणि सात गिअरसाठी ते १२६ झालं. आठ गिअर आले तेव्हा रस्त्यावरच्या सायकलींसाठी १३० आणि डोंगरी सायकलींसाठी १३५ झालं. चकत्या वाढल्या तशी फ्रीव्हीलच्या हबमधली एक कमजोरीही उघडी पडली. त्यात उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या पोटात असतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल, म्हणजे हबमधली आस, आधाराविना राहतो. चकत्या जितक्या जास्त, तितका तो उघडा भाग लांब, आणि खड्ड्यात चाक आदळलं की एक्सल तिथंच वाकतो किंवा तुटतो.

त्यावर शिमानो या जपानी कंपनीनं १९७८ साली फ्रीहब आणलं. फिरकीची यंत्रणा फ्रीव्हीलमधून काढून हबमध्येच घातली आणि उजवीकडचे छर्रे अगदी टोकाला नेले. चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, आता आट्यांवर न फिरवता खाचांवर सरकवायचा होता. १९८४ मध्ये शिमानोच्याच ड्युरा-एस संचात एका टिचकीला एक गिअर बदलणारी यंत्रणा आली. जुन्या दांडीच्या शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याला, चकत्यांमधलं अंतर किती याची फिकीर नव्हती, हातानं अंदाजानं ओढायचं. टिचकीच्या शिफ्टरला मात्र ते अंतर अचूक लागतं. जुनं चाक आणि नवा शिफ्टर यांचं भांडण सुरू झालं ते तिथून.

भांडण मिटवायला थोडा हिशोब करावा लागतो, आणि हा हिशोब मला फार आवडतो. एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सात गिअरमध्ये ५ मिमी अंतर असतं. आठमध्ये ४.८, नऊमध्ये सुमारे ४.३५, दहामध्ये ३.९५ आणि रस्त्यावरच्या अकरामध्ये सुमारे ३.७४. सात चकत्यांमध्ये सहा फटी, म्हणजे ३० मिमी. नऊच्या कॅसेटमधली एक चकती काढली तर राहतात आठ चकत्या आणि सात फटी, म्हणजे साधारण साडेतीस. म्हणून सात गिअरच्या फ्रीहबवर नऊच्या कॅसेटमधल्या आठ चकत्या बसतात. शिफ्टर आणि चेन नऊचीच ठेवायची, एक टिचकी रिकामी जाते, ती डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाच्या, मर्यादेच्या स्क्रूनं अडवायची. ज्याच्याकडं सात गिअरच्या फ्रीहबचं चांगलं चाक आहे, त्यानं पहिला विचार याचाच करावा.

आठ, नऊ आणि दहा गिअरची फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट ज्यावर सरकते तो खाचांचा भाग, एकाच लांबीची असते. चकत्या आणि चेन पातळ होत गेल्या, जागा तीच राहिली. त्यामुळं आठ गिअरच्या काळातल्या चाकावर दहाची कॅसेट सरळ बसते, फार तर १ मिमीचा स्पेसर, म्हणजे मधे घालायची कडी, लागतो. २०१२ साली रस्त्यावरच्या अकरा गिअरसाठी शिमानोनं बॉडी १.८५ मिमीनं लांब केली. नव्या चाकावर जुनी कॅसेट तेवढ्याच जाडीचा स्पेसर घालून चालते, पण जुन्या चाकावर अकराची नेहमीची कॅसेट बसत नाही. मात्र ११-३४ दातांची शिमानोची एक कॅसेट यातून सुटते. तिची मोठी चकती इतकी मोठी आहे की ती बॉडीच्या मागं, आऱ्यांच्या दिशेला झुकू शकते, आणि उरलेला संच जुन्या बॉडीवर मावतो. घाटात ३४ दातांचा आधारही मिळतो. पन्हाळ्याला किंवा आंबा घाटात जाणाऱ्यांनी हिच्याकडं जरूर बघावं.

बारा गिअरची गोष्ट निराळी. जुन्या बॉडीच्या जाडीमुळं सर्वांत लहान चकती अकरा दातांपेक्षा छोटी करता येत नव्हती. स्रॅम या अमेरिकी कंपनीनं २०१२ मध्ये एक्सडी आणि शिमानोनं २०१८ मध्ये मायक्रो स्प्लाइन ही बारीक बॉडी आणली, ती दहा दातांसाठीच. जुनी बॉडी काढून ही घालता येईल का, हे हबवर अवलंबून असतं. तो भाग मिळत नसेल तर जुन्या बॉडीवर बसणाऱ्या, अकरा दातांपासून सुरू होणाऱ्या बारा चकत्यांच्या कॅसेटही आहेत.

आपल्याकडं गिअरच्या सायकलींची लाट उशिरा आली. २००५ मध्ये सुरू झालेल्या फायरफॉक्ससारख्या कंपन्यांनंतर शहरांत त्या दिसू लागल्या, पण स्वस्त मॉडेलांवर अजूनही आट्यांचं सात गिअरचं फ्रीव्हीलच असतं. अशा चाकावर खाचांची कॅसेट बसणारच नाही. रिम चांगली असेल तर फ्रीहबचा हब आणून तीच रिम पुन्हा बांधून घ्यावी, आरे बहुधा नव्या लांबीचे लागतात. फ्रेम स्टीलची असेल तर १२६ चं अंतर १३० पर्यंत, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी, सावकाश फाकवता येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला हे कधीही करू नये.

चकत्यांनी जागा खाल्ली की हबची उजवी कड आत सरकते. रिम फ्रेमच्या मध्यावर ठेवायची तर उजवे आरे कडक आणि डावे सैल ओढावे लागतात. चाकाचा आऊट, म्हणजे डोलणं, काढणारा चांगला कारागीर आरा बोटानं छेडून बघतो. मिरजेत तंबोऱ्याची तार लावणारा जसा कान देतो, तसा तो प्रत्येक बाजूचा सूर स्वतंत्र जुळवतो, उजवीकडचा उंच आणि डावीकडचा खालचा. डाव्या बाजूचे आरे आपापसांत एकाच सुरात नसतील तर चाक महिन्याभरात पुन्हा डोलायला लागतं. वेगळ्या लांबीची बॉडी घातल्यावर किंवा एक्सलवर वायसर इकडचे तिकडे केल्यावर हे काम टाळता येत नाही, आणि दुकानात ते वगळलं जातं असं मला फार वेळा दिसतं.

काळ्या सायकलच्या चाकांवर हे प्रयोग करू नयेत. त्यांची रिम ६३५ मिमी मापाची, ब्रेकच्या रबराला आतून टेकणारी, आजच्या ब्रेकला ती उपयोगाची नाही.

नवीन काही मागवण्याआधी चार गोष्टी मोजून घ्याव्यात. लॉकनटांमधलं अंतर, आटे की खाचा, बॉडीची लांबी आणि सध्याच्या चकत्यांची संख्या. १.८५ चा स्पेसर जवळ मिळाला नाही तर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्यावा, फक्त जाडी व्हर्नियरनं तपासून मगच कॅसेट आवळावी.