छोटी सी बात

बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९७६ साली प्रदर्शित झालेला हिंदी विनोदी प्रेमपट. निर्माते बी. आर. चोप्रा. अमोल पालेकर, विद्या सिन्हा, असरानी आणि अशोक कुमार यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कथेचा सांगाडा १९६० च्या एका ब्रिटिश चित्रपटावरून घेतलेला असला, तरी चित्रपट अस्सल मुंबईचा आहे.

अरुण हा कचेरीत काम करणारा बुजरा तरुण. रोज बसच्या रांगेत दिसणारी प्रभा त्याला आवडते, पण तिच्याशी बोलायची हिंमत होत नाही. तिच्या कचेरीतला नागेश स्कूटरवाला, बोलघेवडा. हरत चाललेला अरुण खंडाळ्याला एका कर्नलकडे जातो, आत्मविश्वासाचे धडे घेतो आणि परतून नागेशला त्याच्याच खेळात मात देतो. कर्नलची शेवटची युक्ती मात्र त्याला वापरवत नाही, आणि त्यामुळेच तो नायक वाटतो. योगेश यांची गीते आणि सलील चौधरी यांचे संगीत. लता मंगेशकरांचे ‘न जाने क्यूं’ प्रभाच्या मनातली हुरहुर नेमकी सांगते.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट थोडा वेगळा भिडतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. शिक्षण, कोर्टकचेरी, नोकरी यांसाठी मोठे शहर म्हणजे हैदराबाद. मुंबई राजधानी झाली त्याला चित्रपट आला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. इकडचा रेल्वेमार्ग मीटरगेज, म्हणजे मुंबईच्या मार्गापेक्षा अरुंद रुळांचा असल्याने नांदेड-परभणीहून मुंबईला निघालेल्याला मनमाडला गाडी बदलावी लागे.

शिवाय तालुक्याच्या एसटी स्टँडवर मुलगा रोज एकाच मुलीच्या मागे उभा राहू लागला, तर ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो आणि ती घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचलेली असते. मुंबईच्या रांगेत अरुणला असे विचारणारे कोणी नाही. ना काका, ना शेजारी, ना जातीची चौकशी. अडसर आहे तो फक्त त्याच्या घशाशी अडकलेल्या शब्दांचा. चित्रपटातला सगळा विनोद या मोकळिकीवर उभा आहे, आणि पडद्यावरची ती मोकळीक इथल्या तरुणांना प्रेमकथेइतकीच हवीहवीशी वाटणारी होती.

पालेकर स्वतः मुंबईचे, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि काही काळ बँकेत नोकरी केलेले. त्यांचा अरुण कचेरीच्या टेबलाशी इतका सहज बसतो, त्याचे मूळ बहुधा तिथेच असावे. या चित्रपटाच्या पटकथेसाठी चटर्जी यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.