यूबारी: कोळसा जमिनीतच राहिला

होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. त्याच्या डोंगराळ भागात, चिंचोळ्या खोऱ्यात यूबारी नावाचं शहर आहे. १९६० साली तिथे सुमारे १,१७,००० माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत भरली ७,३३४. साठ वर्षांत शंभरातली सहाच उरली. ना युद्ध, ना भूकंप. ज्या कोळशावर शहर उभं राहिलं, तो कोळसासुद्धा संपलेला नाही.

हा कोळसा सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. पुढे जमिनीला घड्या पडून डोंगर वर आले आणि त्या दाबात, उष्णतेत तो चांगला मुरला. हवा न लागू देता तापवला की तो मऊ होतो, फुगतो आणि मग सच्छिद्र पण दणकट ढेकळासारखा घट्ट बसतो. यालाच कोक म्हणतात. पोलादाच्या झोतभट्टीत वरच्या खनिजाचा भार सोसून वायूला वाट देणारा असा कोक लागतोच, आणि सगळ्या कोळशापासून तो होत नाही. १८८८ मध्ये भूगर्भतज्ज्ञ बान इचितारो यांना इथे सात मीटरहून जाड थर उघडा पडलेला दिसला. १८९० मध्ये खाण सुरू झाली आणि १८९२ मध्ये रेल्वे आली. ज्या खाणीचं तोंड जिथे, तिथे तिची वस्ती, अशी खोऱ्याच्या लांबीभर गावं वसत गेली. शहराचा हा विस्कळीत आकार लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच महागात पडला.

चांगल्या कोळशाबरोबर एक धोकाही येतो. झाडांचा कोळसा होताना मिथेन वायू तयार होतो आणि कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत दाबाखाली अडकून बसतो. जितकं खोल जावं, तितका दाब जास्त. कोळशाची भिंत खोदताना समोरचा आधार सुटतो आणि वायू कोळशाच्या भुकटीसकट एकदम उसळून बाहेर पडतो. १६ ऑक्टोबर १९८१ रोजी यूबारीच्या नव्या खाणीत हेच झालं. उसळलेल्या वायूनंतर आग लागली. ती विझेना. आत ५९ जण बेपत्ता होते. शेवटी कंपनीने त्यांच्या कुटुंबांची संमती मागितली आणि खाणीत नदीचं पाणी सोडलं. एकूण ९३ माणसं गेली. घरच्यांनी त्या संमतीवर सही कशी केली असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

पण शहराला उतरती कळा त्याआधीच लागली होती. १९६२ मध्ये जपानने कच्च्या तेलाची आयात खुली केली. परदेशातला कोळसाही स्वस्त पडू लागला. हजारभर मीटर खोलीतून, वायूशी झुंजत काढलेला कोळसा त्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. १९९० मध्ये शेवटची खाण बंद झाली. खाण कंपन्या निघून गेल्या; त्यांनी बांधलेली घरं, दवाखाना, पाण्याची सोय नगरपालिकेच्या गळ्यात पडली. पालिकेने पर्यटनावर भिस्त ठेवली. कोळशाच्या इतिहासाचं संग्रहालय, करमणुकीचं उद्यान, हॉटेलं, बर्फातली घसरगुंडी, सगळं कर्जावर उभं राहिलं.

तोटा वर्षानुवर्षं झाकला कसा गेला, हे पाहण्यासारखं आहे. जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, पण पालिकांची त्या वर्षाची वही ३१ मेपर्यंत उघडी असते. त्या दोन महिन्यांत जुनं आणि नवं अशी दोन्ही वर्षं एकदम चालू असतात. यूबारीत नव्या वर्षाच्या पैशांतून जुन्या वर्षाचं भगदाड बुजवलं जाई आणि वरवर हिशेब जुळे. दरवर्षी भगदाड थोडं वाढायचं. २००६ मध्ये सगळं उघड झालं. फेडायची रक्कम निघाली सुमारे ३,५३० कोटी येन, म्हणजे माणशी सत्तावीस-अठ्ठावीस लाख येन. फेडीची मुदत मार्च २०२७ पर्यंतची. कर वाढले, १७१ खाटांचं पालिकेचं रुग्णालय १९ खाटांचा दवाखाना झालं, आणि शाळा एकत्र करत करत एक प्राथमिक, एक माध्यमिक एवढ्याच उरल्या.

या खोऱ्यात एक धंदा मात्र तगला. शहर सर्वांत गजबजलेलं होतं त्याच १९६० साली १७ शेतकऱ्यांनी खरबुजाचा संघ काढला. दोन जातींच्या संकरातून त्यांनी केशरी गराचं ‘यूबारी किंग’ उभं केलं. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची, पाणी न साचू देणारी, आणि खरबुजाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. दिवस उबदार, रात्री गार. पानं दिवसा साखर बनवतात. रात्र उष्ण असली तर वेल श्वसनातच त्यातली बरीच खर्च करते, गार असली तर ती फळात साठते. सालीवरची जाळी आपल्या बाजारातल्या खरबुजावरही असते. आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही, बारीक चिरा पडतात आणि झाड त्या बुचासारख्या पेशींनी भरून काढतं. ती जाळी म्हणजे भरलेल्या जखमांचे व्रण. तरी यूबारीच्या फळावर ती इतकी एकसारखी, उठावदार येते की हात फिरवावासा वाटतो. २०१९ मध्ये होक्काइदोचं मुख्य शहर साप्पोरो इथे हंगामातल्या पहिल्या लिलावात अशी दोन फळं ५० लाख येनला गेली. तो मानाचा भाव होता, रोजचा नव्हे. बियाणं आजही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्याच हातात आहे.

खरबुजावर लाखभर माणसं पोसली जात नाहीत, हे यूबारीने मान्य केलं आहे. २०११ मध्ये तीस वर्षांचे सुझुकी नाओमिची महापौर झाले. त्यांनी रेल्वे कंपनीकडे आपणहून सांगणं धाडलं: आमची १६ किलोमीटरची शाखा बंद करा, त्या बदल्यात बससेवेला हातभार लावा. ३१ मार्च २०१९ रोजी शेवटची गाडी धावली. वस्त्यांचंही तसंच. खाणकामगारांच्या चाळीत दहा बिऱ्हाडांच्या इमारतीत दोन-तीन म्हातारी माणसं राहतात, तरी पाण्याची नळवाट आणि बर्फ काढण्याचा खर्च अख्ख्या इमारतीचा. त्यांना एकदम दूर हलवलं तर शेजार तुटतो. म्हणून आधी त्याच वस्तीतल्या एकाच इमारतीत सगळ्यांना आणायचं, बाकीच्या रिकाम्या करायच्या, आणि नवी घरं शहराच्या मधल्या भागात बांधायची, असं काम तिथे चालतं.