रामसेसच्या नाकातले मिरे

२६ सप्टेंबर १९७६. पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर लष्करी विमान उतरलं आणि सैनिकांनी राजाला मानवंदना दिली. राजाला जाऊन सुमारे ३,२०० वर्षं झाली होती. (या प्रवासासाठी त्याला पासपोर्ट काढून दिला, असं सांगत त्या पासपोर्टचा जो फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, ते अलीकडचं कल्पनाचित्र आहे. फसू नका.)

६६ वर्षं इजिप्तवर राज्य केलेला दुसरा रामसेस उपचारांसाठी आला होता. त्याच्या ममीला बुरशी लागली होती.

थडग्यांत चोर घुसू लागले तेव्हा पुजाऱ्यांनी त्याला देर अल-बहारीच्या डोंगरात लपवलं होतं. तिथे तो टिकला. १८८१ मध्ये तो सापडला आणि बोटीने कैरोला आला, तिथून कुरबुरी सुरू. नॅट्रॉन या खनिज मिठात घालून शरीरातलं पाणी काढून टाकायचं, हे ममीचं मूळ तंत्र. संग्रहालयात मात्र माणसांची वर्दळ, आणि माणूस दर श्वासाला वाफ सोडतो. थोडी ओल मिळाली की बुरशीचं फावतं. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरट बुरा चढतो, तेच इथे.

मारायची कशी? तापवलं तर कातडी तडकणार. रसायन फवारलं तर राळ आणि केस बिघडण्याची भीती, शिवाय ते आतवर पोचेलच असं नाही. म्हणून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूची गॅमा किरणं वापरली. ती आरपार जातात, बुरशीच्या डीएनएचे तुकडे करतात आणि ममी स्वतः किरणोत्सारी होत नाही. आपल्या लासलगावला अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर हीच किरणं सोडतात, कोय पोखरणाऱ्या किडीसाठी. आंब्याला किमान ०.४ किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) पुरतात; रामसेसला सुमारे १८ दिले.

त्या मुक्कामात क्ष-किरणांनी आणखी एक गोष्ट दाखवली. राजाच्या बाकदार नाकात काळ्या मिरीचे दाणे ठासलेले होते. पट्ट्या आवळताना नाक चपटं होऊ नये, म्हणून असावेत. मिरीचा वेल मूळचा दक्षिण भारतातला. म्हणजे इ. स. पू. १२१३ मध्ये, रामसेस गेला तेव्हा, आपल्याकडचे मिरे नाईलपर्यंत पोचलेले होते. कुणी नेले, किती हातांतून गेले, याची नोंद नाही. दाणे तेवढे आहेत.

मे १९७७ मध्ये तो परतला. ३ एप्रिल २०२१ ला कैरोतल्याच नव्या संग्रहालयात गेला, २१ इतर राजाराण्यांबरोबर, वाजतगाजत. या खेपेला नायट्रोजन भरलेल्या पेटीतून.