इन्व्हर्टरच्या बॅटरीत नेमकं काय साठतं?

नवी बॅटरी बसवून दिली की हे पत्रक आम्ही घरच्यांच्या हातात देतो. एकदा सगळं वाचा, मग ट्रॉलीजवळच ठेवा.

बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते. तिथे साठते ती रासायनिक ऊर्जा. आत शिशाच्या प्लेटा आणि पाण्यात पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. एका जातीच्या प्लेटांवर शिसं, दुसऱ्या जातीच्या प्लेटांवर लेड डायऑक्साइड. लाइट गेली की दोन्हींची अ‍ॅसिडशी क्रिया सुरू होते, प्लेटांवर लेड सल्फेट धरतं, अ‍ॅसिड खर्ची पडून पाणी तयार होतं, आणि त्यातून सुटलेली ऊर्जा वीज होऊन तुमच्या पंख्यापर्यंत पोचते. लाइट आली की हीच क्रिया उलटी फिरते. शेगडीतल्या गॅसमध्येही रासायनिक ऊर्जाच असते, पण जळलेला गॅस सिलिंडरमध्ये परत येत नाही. बॅटरीचं मोल इथे आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये ही जुळणी केली. आजही मूळ रसायन तेच. बॅटरीतल्या एका घटातून (सेलमधून) सुमारे २ व्होल्ट मिळतात, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीला वर सहा बुचं दिसतात.

आता आमची कळकळीची विनंती. बॅटरी उतरलेली ठेवू नका. प्लेटांवरचं सल्फेट ताजं असेपर्यंत चार्जिंगने विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची वाया जाते. दुकानात येणाऱ्या ‘बसलेल्या’ बॅटऱ्यांत अशा फार दिसतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. मे महिन्यात गावी जाताना आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा, मगच मेन स्विच पाडा.

चार्जिंगच्या शेवटी थोड्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं, टँकरचं, नळाचं नको. घरच्या आरओचंही नको, त्यातही थोडे क्षार उरतात. अ‍ॅसिड तर कधीच घालू नका, कारण उडतं ते पाणी. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा बॅटरी हवेशीर जागी ठेवा आणि तिच्याजवळ निरांजन, उदबत्ती लावू नका. उन्हाच्या गॅलरीतही नको. उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं.

बॅकअप किती मिळेल, हे सगळेच विचारतात. १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२ × १५० = १८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, शिवाय बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. हिशेबाला १२०० धरा. ७५ वॉटचे दोन पंखे, ९ वॉटचे चार दिवे आणि वायफाय मिळून २०० वॉटच्या आसपास, म्हणजे सुमारे सहा तास. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घेतले तर अकरा तासांपर्यंत जाल. गिझर आणि इस्त्री या लाइनवर नकोच.

जुनी बॅटरी फोडून शिसं काढणाऱ्याला देऊ नका. अ‍ॅसिड ओढ्यात जातं आणि शिसं विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. आमच्याकडे आणा; ती अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच जाते आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करतो.