बीबीसी रेडिओ ४

ब्रिटनमधील बीबीसीची राष्ट्रीय नभोवाणी वाहिनी. गाणी वाजवणे हे तिचे काम नव्हे. ती चालते बोललेल्या शब्दावर. ‘होम सर्व्हिस’ या जुन्या वाहिनीच्या जागी ३० सप्टेंबर १९६७ रोजी ती सुरू झाली. बातम्या, मुलाखती, नभोनाट्ये, विनोदी खेळ, विज्ञान, शेती, पुस्तकवाचन हे सारे तिच्यावर एका दिवसात ऐकायला मिळते. पण तिचे मोठेपण या विविधतेपेक्षाही कार्यक्रमांच्या ठरलेल्या क्रमात आहे. एका कार्यक्रमासाठी रेडिओ लावलेला माणूस पुढचा कार्यक्रमही सहज ऐकत बसतो आणि एरवी ज्याच्या वाटेला गेला नसता अशा विषयात रमतो.

दिवसाची सुरुवात शेतीच्या बातम्यांनी होते. सहाला ‘टुडे’ हा १९५७ पासूनचा वृत्तकार्यक्रम लागतो. त्यातील आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराची मुलाखत राजकारण्यांची कसोटी पाहणारी मानली जाते. अनेक तासांच्या आरंभी ग्रिनिच वेळेचे सहा ठोके ऐकू येतात. ही प्रथा ५ फेब्रुवारी १९२४ पासूनची. शेवटचा ठोका लांब असतो आणि तो सुरू होतो तोच तासाचा नेमका क्षण. डिजिटल संचावर मात्र आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे त्यावर घड्याळ लावता येत नाही.

सकाळच्या कार्यक्रमांत ‘इन अवर टाइम’ विशेष उल्लेखनीय. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला आणि २०२५ पर्यंत चालवला. तीन अभ्यासक, एक विषय आणि सुमारे पाऊण तास, एवढाच त्याचा साचा. विषय एखादे प्राचीन युद्ध असो वा गणितातली संकल्पना, श्रोत्याला ते झेपेल असे गृहीत धरूनच चर्चा चालते. रेडिओने श्रोत्याचा याहून मोठा मान राखल्याचे उदाहरण सापडणे कठीण. ‘वुमन्स अवर’ (१९४६) आणि ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ (१९४२) हे कार्यक्रम तर वाहिनीहूनही जुने आहेत.

संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर ‘द आर्चर्स’ ही मालिका लागते. अँब्रिज या काल्पनिक गावातील शेतकरी कुटुंबांची ही कथा १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होत आहे. युद्धोत्तर टंचाईच्या काळात उत्पादन वाढावे म्हणून शेतकऱ्यांना नव्या पद्धतींची माहिती गोष्टीतून द्यायची, हा तिचा मूळ हेतू. स्टुडिओत इस्त्रीच्या जुन्या घडीच्या टेबलाची करकर शेताच्या लोखंडी फाटकाचा आवाज देते, आणि ध्वनिफितीच्या गुंत्यावरून चालले की गवतातली पावले ऐकू येतात. हाच माहिती पोचवण्याचा प्रश्न आकाशवाणीच्या पुणे केंद्रापुढेही होता. १९५६ मध्ये महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत युनेस्कोच्या साहाय्याने जो प्रयोग झाला, त्यात गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. मालिकेत श्रोत्याला पात्रांमार्फत उत्तर मिळते. इथे तो स्वतः विचारू शकत होता, आणि म्हणून हा प्रयोग मला अधिक धाडसी वाटतो.

मध्यरात्रीनंतर ००:४८ वाजता सागरी हवामानाचा अंदाज वाचला जातो. त्याआधी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही धून वाजते. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ विभाग केलेले असून वायकिंग, नॉर्थ युत्सिरे, साउथ युत्सिरे, फॉर्टीज या क्रमाने वाऱ्याचा जोर, हवा आणि दृश्यमानता सांगितली जाते. पैकी फिनिस्टेर या विभागाला २००२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याचे संस्थापक रॉबर्ट फिट्झरॉय यांचे नाव दिले गेले. मजकुराला शब्दमर्यादा असल्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ पक्का बांधलेला आहे. वादळ ‘लवकरच’ येईल म्हटले की ते सहा ते बारा तासांच्या आत येणार, ‘नंतर’ म्हटले की बारा तासांपुढे. आता हे बहुतेकांना घरबसल्या ऐकण्याचे काहीतरी वाटत असले, तरी अंदाज लिहिला जातो तो बोटीवरच्या माणसासाठीच. त्यानंतर राष्ट्रगीत होते आणि एक वाजता वर्ल्ड सर्व्हिसचे प्रसारण जोडले जाते.